मामाच्या देखरेखीखाली

रविवार, ४ मे. संध्याकाळी ६.
ताई तिच्या मुलीला आठ दिवसांसाठी आमच्याकडे सोडून गेली. मुलगी आठ वर्षांची. गोडाचा वास आला की हजर, म्हणून मी तिला मुंगी म्हणतो. सोबत ताईचा कागद: अकरा ते चार उन्हात जायचं नाही, टोपी, भरपूर पाणी, दिवसाला एकच आइस्क्रीम. मला कागद! बावीस वर्षं विमा कंपनीसाठी लोकांच्या गोदामांतले धोके हुडकतोय मी. वरवर वाचून फ्रिजला लावून टाकला.
संकल्प: मुंगीची सुट्टी सुरक्षित आणि अविस्मरणीय करणे. बायको म्हणाली, दोन्ही एकदम नको, एकच काहीतरी कर.

सोमवार, ५ मे. सकाळी ९.
बाजारातल्या रंगीत आइसकांड्या बंद. कलिंगडाच्या रसाच्या बारा घरीच लावल्या. साचे जरा उंच आहेत. फ्रीझरचं दार बोटभर उघडं राहतं. किरकोळ.

दुपारी ४.
कांड्या गोठल्या नाहीत. मटार मात्र विरघळले. फ्रिजच टुकार. मुंगीने रस वाटीत ओतून घेतला आणि सूप छान झालंय म्हणाली. मग कोपऱ्यावरून रंगीत आणल्या. तिला एक, मला तीन. नियम लहानांसाठी आहे.

मंगळवार, ६ मे.
सनस्क्रीन आणलं. एसपीएफ पन्नास. म्हणजे पन्नास तास. बुधवारी चोपडलं की शुक्रवारपर्यंत बघायला नको. मुंगीने ट्यूबमागचं वाचून दाखवलं: दर दोन तासांनी लावावे. तिला समजावलं, त्यांना माल खपवायचा असतो गं.
उद्या पोहायचा तलाव. आठला म्हणजे आठलाच निघणे.

बुधवार, ७ मे. सकाळी ११:३०.
आता निघतोय. सुरक्षेचा तक्ता आखायला वेळ लागतोच. बायकोने ऑफिसमधून फोन केला, आता चारनंतरच जा म्हणाली. म्हटलं, लहानांच्या तलावावर छप्पर आहे, मी सगळा विचार केलाय.

संध्याकाळी ७.
दिवस यशस्वी! मुंगीला नखशिखांत क्रीम, टोपी, वेळच्या वेळी पाणी. माझ्या वाट्याला नाकापुरतंच क्रीम उरलं. टोपी मला बसत नाही, डोकं मोठं आहे. मुंगी छपराखाली डुंबत होती, जीवरक्षक बाई काठावर उभ्याच. मी बाहेर आरामखुर्चीत लक्ष ठेवून होतो. डोळे मिटले की लक्ष जास्त एकाग्र होतं. जागा झालो तर अंगावर छत्रीची सावली! ऊन आपोआप सरकलं. नशीब लागतं. पोटावर पुस्तक होतं तिथे पांढरा चौकोन, बाकी अंगावर तजेला.

गुरुवार, ८ मे.
तजेल्याला हात लावता येत नाही. ताप. दोन उलट्या. शर्ट सहन होत नाही, चादर सहन होत नाही, बायकोचं गप्प राहणं तर अजिबात नाही.
खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, अहो, ऊन लागलंय तुम्हाला. आणखी अर्धा तास तसेच पडून राहिला असतात तर हॉस्पिटलात बघायला यावं लागलं असतं. मी म्हटलं, सुदैवाने ऊन सरकलं.
मुंगी दारात उभी होती. ऊन नाही सरकलं मामा, म्हणाली. तुला पाच हाका मारल्या, तू उठलाच नाहीस. मग मी आणि त्या जीवरक्षक बाईंनी छत्री ओढत आणली.
घाबरलीस का, विचारलं. हो म्हणाली. मग तू घोरलास, मग बरं वाटलं.


शुक्रवार, ९ मे.
पडदे ओढलेल्या खोलीत. मुंगी दर अर्ध्या तासाने पाण्याचा पेला आणते, संपेपर्यंत उभी राहते आणि तक्त्यावर खूण करते. तक्ता मीच आखला, म्हणजे तशी व्यवस्था माझीच. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम चोळायचं कामही तिच्याकडेच. हात हलका आहे. फारसा नाही.

संध्याकाळी ६.
ताईचा फोन आला. परिस्थिती नीट शब्दांत मांडावी म्हणून हात पुढे केला, तोवर मुंगीने उचलून बाहेर नेलासुद्धा. बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं: मी मजेत आहे गं आई. मामा पण बरा आहे. मलम लावताना रडला.
मी आतून ओरडलो, थोडासा!
थोडासाच, ती म्हणाली.