'येतो'चं बटण

४ नोव्हें., यवत
आप्पांचं बोलणं गेलं ते गेलंच. डॉ. म्हणतात, अर्धांगात होतं असं. समजतं सगळं, शब्द सापडत नाही. मान हलवून सांगा म्हटलं तर सगळ्यालाच हो. चहा हवा? हो. नको का? हो. आई मेटाकुटीला आलीय. मी कंपनीत दिवसभर मशिनींच्या स्क्रीन बनवते, म्हटलं बापासाठीही एक बनवू. बोटानं बटण दाबायचं, लॅपटॉप बोलेल. डावा हात चालतो अजून.

६ नोव्हें.
घाईत सगळ्या बटणांचा कोड एकातच कोंबला होता. पाण्याचं चित्र मोठं केलं तर गोळीचं बटण गायब. ऑफिसात कुणी असा कोड दिला असता तर फाडून खाल्लं असतं. पुन्हा पहिल्यापासून. आता प्रत्येक बटण म्हणजे एक बंद डबा: चित्र, शब्द, आवाज त्याच्याच पोटात. कुठल्याही पानावर उचलून ठेवा. आपण कुठं बसलोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.
आवाज दादाचा. टायरच्या दुकानातनं तसाच आला, ओरडूनच बोलला. "हळू बोल की." "आप्पा असंच बोलायचं," म्हणाला.

९ नोव्हें.
एक बटण 'जातो' केलं, त्यावर आई अडून बसली. "आजारी माणसाच्या तोंडी असलं देऊ नगं. घरातनं निघताना कुणी जातो म्हणतं व्हय?"
खरंच, 'येतो'च म्हणतो आपण. मग एकच 'येतो' केलं, दोन पानांवर टाकलं. संडासच्या, आणि बाहेर निघायच्या.

१३ नोव्हें.
आप्पांनी स्वतः 'चहा' दाबलं. आई पदरात तोंड घालून रडली. मग चहाचा ठसका, चेहरा काळानिळा. डॉ.: घास फुप्फुसात जातोय, पुण्याला नेऊन पोटाला नळी बसवा. नाहीतर फार दिवस नाहीत. तुम्ही ठरवा. आम्ही कोण ठरवणार, माणूस समोर जिवंत असताना?

१७ नोव्हें.
दिवसभर 'येतो'. आई संडासचं भांडं घेऊन धावते, भांडं कोरडं. बटण अडकतंय वाटून कोड तपासला. चूक नाही. आई चिडली, "किती दमवताय ओ?" आप्पा नुसते बघत राहिले.

१९ नोव्हें.
शेजारच्या काकू भेटायला आल्या. त्यांच्याकडे बघून आप्पांनी 'येतो' दाबलं. हा माणूस परक्या बाईसमोर भांडं मागेल? मेला तरी नाही. उठून स्क्रीन पाहिली. पान संडासचं नव्हतंच, बाहेर निघायचं होतं. आवाज दोन्हीकडे तोच, म्हणून तीन दिवस आम्ही भांडं पुढं करतोय. शी.

२० नोव्हें.
नळीसाठी उद्या पुण्याला गाडी सांगितलीय. दादाला सगळं सांगितलं.
"म्हंजी नळी नगं म्हणत्यात?"
"मला काय माहीत."
"पुण्याला निघायचंय म्हणून म्हणत असतील की. तूबी कायबी डोक्यात घेती."
असेलही. आप्पांना विचारलं, नळी बसवायची? हो. नको? हो. दादा बाहेर जाऊन उभा राहिला.
संध्याकाळी आई त्यांचं तोंड पुसत होती. तिच्याकडे बघून आप्पांनी बोट टेकवलं. दादाच्या आवाजात, "येतो." आई भांड्याला उठली. म्हटलं, आई, बस. पान बघ.
तिला वाचता येतं. बसली. बराच वेळ त्यांचा हात धरून होती.
मग मला म्हणाली, "या म्हणू का गं?"
गाडीवाल्याला अजून काही कळवलेलं नाही.