आरिफच्या वाटणीचं दूध

भिगवण, ऑक्टोबर १९९४

जज्जसाहेबांना मेहजबीनचा सलाम,

वकील म्हणतात, तुमाला परस्पर लिहिलं तर केस बिघडंल. म्हणून हे पत्र टाकणार न्हाय, पण लिहिल्याबिगर ऱ्हावंना.

भांडणात नवऱ्यानं माझा चार महिन्यांचा आरिफ इंदापूरला नेला. तो परत मिळावा म्हणून मी कोर्टात आले, तर प्लेगच्या भीतीनं सगळ्याच तारखा पुढं गेल्या. तंवर पोर हाय तितंच राहील म्हणं. भावाच्या मासळीच्या गाळ्याची पट्टी भरायलाबी मुदत वाढली. तो सुटला.

दूध आटू नये म्हणून मी शेजारच्या सारजाच्या तान्ह्या सिद्धूला पाजत व्हते. आमच्यात असं पाजलं की पोरं दूधभाऊ हुत्यात. सारजा म्हणायची, "आरिफ आला की त्याचा भाऊ दाखवू त्याला." पण आता रोगाच्या धाकानं तिची सासू सिद्धूला उंबऱ्याबाहेर काढंना. मग मी रोज वाटीत पिळते आन् जाईच्या वेलाच्या बुडात ओतते.

साहेब, सगळ्यांना मुदत मिळाली. माझ्या दुधाला कोण देणार? आज सकाळी वाटीचं बूडबी भिजलं न्हाय.

अजून तरी आरिफची आई,
मेहजबीन