साडूच्या मशीनचं झाकण

४ ऑक्टोबर, शनिवार
साडूकडून गवत कापायचं मशीन आणलं. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आठवडाभर बाहेरगावी चाललाय, पुढच्या रविवारी मशीन न्यायला येणार. देताना अर्धा तास सूचना. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, तरीही.
गेल्या वर्षी त्याची शिडी माझ्याकडे असताना मोडली. तेव्हापासून सासरी मला ‘मोडकर’ म्हणतात. मशीन धड परत गेलं की ते नाव कायमचं पुसलं जाईल.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी १०
मशीन खडखडतंय. देखभाल नावाचा प्रकार या माणसाला ठाऊक नाही. इंजिनवरच्या केशरी झाकणाचे स्क्रू तपासले. घट्ट होते. तरी प्रत्येकाला अर्धा फेरा जास्त दिला.

१०.१५
झाकणाला तडा. करंगळीएवढा. हल्ली प्लास्टिकच हलकं वापरतात.
हिला सांगितलं, तडा आधीचाच असावा. ती म्हणाली, असेल. ती हा शब्द कसा उच्चारते ते कागदावर उतरत नाही.
निश्चय: गुपचूप दुरुस्ती. साडूला पत्ता लागणार नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार
हार्डवेअरच्या दुकानात इन्स्टंट ग्लू मागितला. दुकानदाराने विचारलं, प्लास्टिक कुठलं? मी म्हणालो, केशरी. तो म्हणाला, झाकणाच्या आतल्या बाजूला अक्षरं असतात ती बघून या. पीपी असेल तर हा ग्लू धरणार नाही. दुकानदार असून माल विकायची इच्छा नाही. हट्टाने दोन ट्यूब घेतल्या.

संध्याकाळी
तडा सोडून सगळं चिकटलं. आजची नोंद डाव्या हाताने.

७ ऑक्टोबर, मंगळवार
अक्षरं पाहिली. पीपीच. दुकानदाराचा अंदाज योगायोगाने बरोबर निघाला.
नवा मार्ग: सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने प्लास्टिक वितळवून सांधणे. व्हिडिओतला माणूस हे चार मिनिटांत करतो. तो आधी तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडतो, म्हणजे तडा पुढे सरकत नाही म्हणे. फुटलेल्या वस्तूला आणखी भोक? ही पायरी गाळणार.

८ ऑक्टोबर, बुधवार
तडा पुढे सरकला. आता वीतभर आहे.
भोक पाडलं. ड्रिलचं बारीक बिट सापडेना, म्हणून होतं ते वापरलं. भोकातून अंगठा जातो.

९ ऑक्टोबर, गुरुवार
भोक बुजवायला त्याच जातीचं प्लास्टिक हवं. घरभर अक्षरं वाचत फिरलो. स्वयंपाकघरातल्या मोठ्या डब्याचं झाकण: पीपी. शास्त्र माझ्या बाजूने.
दुपारी हिने विचारलं, डब्याचं झाकण कुठे गेलं? मी म्हणालो, मला काय माहीत. तिने माझ्या खांद्यावरून मशीनकडे पाहिलं आणि म्हणाली, “अहो, ते निळं होतं.”

१० ऑक्टोबर, शुक्रवार
निळ्यावर केशरी स्प्रे मारला. जरा तपकिरी दिसतंय. वाळल्यावर केशरी होईल. झाकणावरच्या हवेच्या फटीही वितळलेल्या प्लास्टिकने भरून गेल्यात. तेवढीच जास्तीची मजबुती. त्या फटी कंपनीने शोभेला ठेवल्या असणार.

११ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ९
चाचणी. मशीन झकास चालू झालं.

९.१०
बंद पडलं. इंजिन हवेवाचून तापलं, झाकण मऊ होऊन आत बसलं. चालू करायची दोरी ओढली की बाहेर येते, पण परत आत जात नाही. हातभर लोंबतेय.
उद्या साडूला काय सांगायचं ते लिहून काढलं. मुद्दे तीन: कंपनी, हवामान, मशीनचं वय. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. मलाच पटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
साडू आला. हातात पिशवी, पिशवीत कोरं केशरी झाकण. हिने सोमवारीच धाकटीला फोन करून सगळं सांगितलं होतं. मी पहिल्या मुद्द्याच्या मध्यावर होतो.
हिला बाजूला घेऊन विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, “आठवडाभर तुम्ही माझ्या कुठल्याच कामात लुडबुड केली नाहीत. कशाला बोलू?”
साडूने आठ मिनिटांत नवं झाकण बसवलं, दोरी सरळ केली. एका ओढीत मशीन सुरू. मग माझं झाकण उचलून बराच वेळ उलटसुलट पाहत राहिला. हसला नाही. बोट फिरवून भोक कुठे होतं ते शोधलं. शेवटी म्हणाला, “दादा, हे मी नेऊ का? आमच्याकडे नुसतं सांगून कुणाला खरं वाटणार नाही.”
शेवटी एकाला तरी कारागिरीची कदर आहे. आतल्या बाजूला तारीख घालून सही करून दिली.