शेवटचा हात कुणाचा

प्रिय बारक्या,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण फोनवर मी लाल गाडीचं नाव काढलं की नेमकं तेव्हाच तुझ्या ऑफिसात कोणीतरी तुला हाक मारतं. पत्रापुढे ती युक्ती चालत नाही. फार तर तू ते अर्ध्यावर घडी करून ठेवशील आणि चहा पिता पिता परत उघडशील. तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते मी तुला.

गाडी विकायला काढली होती. मी नाही, बाबांनीच. नाश्त्याला बसल्या बसल्या म्हणाले की गॅरेजचा तो कोपरा उगाच अडलाय, एखादं गिऱ्हाईक बघ. मी मान वर केली तर ते बशीकडे बघत होते. गिऱ्हाईक मिळायलाही वेळ लागला नाही. चौकातले दातांचे डॉक्टर आहेत ना, त्यांना म्हणे लहानपणापासून दोन सीटची उघडी गाडी हवी होती. ताडपत्री काढली तेव्हा त्यांनी पेशंटचा जबडा तपासावा तसं बॉनेटखाली वाकून बघितलं. बाबा अधूनमधून इंजिन सुरू करून ठेवायचेच, त्यामुळे ते एका झटक्यात सुरू झालं आणि अंगणात मांजरासारखं गुरगुरत राहिलं. डॉक्टर खूश होऊन चक्कर मारायला निघाले आणि बऱ्याच वेळाने पायी परत आले. चेहरा चुन्यासारखा पांढरा. घाटाच्या चढावर ट्रकला मागे टाकताना गाडीने मध्येच जीव सोडला होता. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून कशीबशी कडेला घेता आली. थोड्या वेळाने ती आपली आपण सुरूही झाली, पण त्यांची परत आत बसायची छाती झाली नाही. हे ऐकताना बाबांच्या हातातली काठी खाली पडली. मी उचलून दिली, पण आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

कारण तुला माहीत आहे. तरी आज मी ते लिहिणार आहे, कारण आपल्या घरात ते कधी कोणी बोललंच नाही. अपघाताच्या त्या सकाळी बाबांचंही असंच झालं होतं. तोच चढ, तसाच ट्रक, पण समोरून दुसरा आला आणि बाबांनी गाडी डोंगराच्या अंगावर घातली. गाडीचा पत्रा नंतर सरळ झाला, त्यांचा पाय झाला नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "कार्ब्युरेटर कोणी उघडला होता?" उत्तर खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी तूच तो उघडून साफ केला होतास. आणि आपल्या गॅरेजचा नियम तर आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलेला: बिघाड आला की पहिल्यांदा बघायचं, शेवटचा हात कुठे लागलाय. तू स्वतःच म्हणालास की आतली पेट्रोल सोडणारी सुई अडकली असणार, पेट्रोल पुढे गेलं नसणार. तुला कोणीच 'तसं नाही' म्हटलं नाही. मग तू पाने-पक्कड पुसून जागेवर ठेवलीस आणि दुसऱ्या गावी फायलींच्या ढिगाऱ्यामागे जाऊन बसलास.

डॉक्टर गेल्यावर बाबा म्हणाले, नवा कार्ब्युरेटर बसवून टाक आणि देऊन टाक गाडी. मी म्हटलं, आधी दोष कळला पाहिजे. ते म्हणाले, कळून काय होणार आहे? खरं सांगते, मला धडकी भरली होती. सुईच अडकलेली निघाली असती तर? आजवर जे आपण फक्त धरून चाललो होतो ते माझ्याच हाताने सिद्ध झालं असतं, आणि ते मी तुझ्यापासून कितीही लपवलं असतं तरी माझ्या तोंडावर तुला ते दिसलं असतं. पण न बघता तो भंगारात टाकला असता तर तू जन्मभर गुन्हेगार राहिला असतास, तोही पुराव्याशिवाय. मी रागातच बॉनेट उघडलं. तुझ्या स्क्रूंच्या खाचा अजून सगळ्या एका रेषेत होत्या. बाबा तुला चिडवायचे आठवतं का, की हा स्क्रू पिळत नाही, नवरीचा भांग पाडतो. इतक्या वर्षांत तिथे कोणाचाही हात लागला नव्हता. मी स्क्रूड्रायव्हर परत ठेवला आणि ठरवलं, हा सगळ्यात शेवटी उघडायचा. नियम गेला खड्ड्यात.

ठिणगी तपासली, ठणठणीत होती. म्हणजे भानगड पेट्रोलचीच. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाते ती नळी काढून मी तिथे लांबलचक पारदर्शक नळी जोडली आणि तिचा वेढा बॉनेटच्या फटीतून वर काढून समोरच्या काचेपाशी बांधला, चालवताना पेट्रोल डोळ्यांना दिसावं म्हणून. तुझ्या भाऊजींना शेजारी बसवलं. आग विझवायचा सिलिंडर त्यांनी मांडीवर असा धरला होता की बघणाऱ्याला वाटावं, तान्हं बाळ घेऊन दवाखान्यात निघालेत. घाट सुरू होईपर्यंत ते विनोद करत होते, पहिल्या वळणानंतर गप्प झाले. मी पाय दाबला. गाडी काय सुरेख ओढत होती, बारक्या! मला क्षणभर वाटलं, बंद पडणारच नाही, आणि मग मला काहीच कळणार नाही. मागे एक बस हॉर्न वाजवत होती. माझी एक नजर रस्त्यावर, एक नळीवर. बाबांची गाडी आदळली ती जागा जवळ आली. तिथल्या दगडावरचा लाल ओरखडा अजून आहे. तेवढ्यात नळीत बुडबुडे आले. मग पेट्रोल तुटक झालं. मग नळीत काहीच नव्हतं, आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं.

वेगावरच मी गाडी कडेला सरकवली, बस आमच्या अंगावरून गेल्यासारखी गेली, आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले. भाऊजींना वाटलं मी घाबरले. त्यांना कसं समजावणार? नळी रिकामी होती, रे. तुझी सुई अडकली असती तर पेट्रोल कार्ब्युरेटरच्या दारात येऊन थांबलेलं दिसलं असतं. इथे ते तुझ्या दारापर्यंत आलंच नव्हतं.

मग मला दम धरवेना. पंपाला टाकीपासून तोडलं, बॉनेटखाली पेट्रोलचा छोटा डबा घट्ट बांधून त्यातून ओढायला लावलं, आणि परत घाट चढले. न अडखळता वरपर्यंत गेले. म्हणजे पंपही निर्दोष. टाकीकडून येणारी नळी हवा मारून बघितली, साफ होती. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही मोकळं होतं. आता टाकीशिवाय काही उरलंच नव्हतं, आणि तरी मी उगाच गाडीभोवती फिरत राहिले. टाकी म्हणजे बाबांचं काम ना, तेही अपघाताच्या आधीचं. गंज धरू नये म्हणून आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीच्या टाकीला आतून देतात तो राखाडी लेप, रंगाआधी लावायच्या उरलेल्या प्रायमरमध्ये स्वतःच्या हाताने काय काय मिसळून केलेला. त्यासाठी लोक लांबून गाड्या आणतात. त्या लेपावर संशय घेणं म्हणजे जावयाने सासूच्या स्वयंपाकाला तिच्यासमोर नावं ठेवण्यासारखं होतं.

टाकी उतरवली, रिकामी केली आणि आत बॅटरीचा झोत मारला. लेप कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटला होता. पेट्रोलने तो हळूहळू मऊ करून भिंतीपासून सोडवला होता. चढावर इंजिन जोरात ओढायला लागलं की एखादा पापुद्रा नळीच्या तोंडावर जाऊन चिकटायचा. इंजिन बंद पडलं की ओढ संपायची आणि पापुद्रा आपोआप खाली पडायचा. अंगणात एवढी ओढ कधी लागतच नाही. पोलीस यायच्या आत चोर घरी जाऊन झोपलेला, मग बघणाऱ्याला काय सापडणार? त्यानंतर मी तुझा कार्ब्युरेटर उघडला. सुई बोटावर घेऊन सोडली, ती स्वतःच्या वजनाने अलगद खाली आली. लहानसा कणसुद्धा नव्हता तिच्यावर.

आता खरी परीक्षा होती. बाबांना सांगायचं कसं? भाऊजी म्हणाले, या वयात कशाला, गुपचूप टाकी बदल. मी त्यांच्यावर एवढी खेकसले की ते घरात निघून गेले. बाबांचं मन जपायचं आणि तुझं वाऱ्यावर सोडायचं, असा कुठला न्याय? पण आई असती तर तिने बरोबर शब्द शोधले असते. मला सापडले नाहीत, म्हणून मी काचेच्या बरणीत ते पापुद्रे घातले आणि न बोलता त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. वाटलं, काठी आपटतील, किंवा म्हणतील की तुला काही कळत नाही. त्यांनी एक पापुद्रा बाहेर काढला, चिमटीत चोळला, वास घेतला. मग उजेडाला धरून बघितला. आणि म्हणाले, "हा माझा हात आहे."

एवढंच. त्यानंतर ते उठून फोनपाशी गेले. ज्या ज्या गाड्यांना हा लेप दिलाय त्यांच्या मालकांना आठवून आठवून स्वतः फोन लावतायत, टाकी उघडून घ्या म्हणून सांगतायत, आणि चूक कोणाची तेही सांगतायत. मी लावते म्हटलं तर ऐकेनात. कार्ब्युरेटरही त्यांनी माझ्याकडून काढून घेतला आणि स्वतः बंद केला. स्क्रूंच्या खाचा एका रेषेत येईनात तर पुन्हा सैल करून पुन्हा पिळत होते. दातांचे डॉक्टर विचारायला आले होते. बाबा त्यांना म्हणाले की दोष सापडला, पण आमचा मेकॅनिक बाहेरगावी आहे, तो आल्याशिवाय गाडी हलणार नाही. मी मागे उभी होते. मला माहीत आहे मी बाहेरगावी नाही.

आणि आता हे सगळं आज का लिहिलं ते सांगते. पहिलं पान परत काढ आणि 'प्रिय बारक्या' एवढेच दोन शब्द नीट बघ. ते अक्षर माझं नाही. सकाळी बाबांनी माझ्याकडून कागद मागून घेतला, माझ्याकडे पाठ करून बसले, आणि दुपारच्या जेवणाला हाक मारली तरी त्या दोन शब्दांच्या पुढे गेलेले नव्हते. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तू लिही, मला पुढचं येत नाही." आत्ता ते समोरच बसलेत, वाचून दाखवू नको म्हणतात, पण संपलं का म्हणून दोनदा विचारून झालंय. टाकी धुऊन, खरवडून उन्हात ठेवली आहे. ती चढवायला कोणाला हात लावू देत नाहीत. घाटात गाडी तू चालवायची आणि ते शेजारी बसणार, असं त्यांचं परस्पर ठरलंय. बारक्या, ये. फायलींना सांग, घरून हाक आली आहे.

तुझीच,
खेकसणारी ताई