आठशे रुपयांत चौघं

१ नोव्हेंबर १९९८, रविवार

आठशेत होत नाही म्हणे! म्हाळसा काल शिरूरला गेली. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, महिनाभर तरी येत नाही. एसटीत चढता चढता म्हणाली, या महिन्याचा किराणा तुम्हीच भरा, आठशेत भरून बघा. सगळ्या स्टँडसमोर. मी हसलो. गाडी गेल्यावर राग आला.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीपासून किराण्याचे आठशे. त्यात बदल नाही. आकडा वाढवला की बाईमाणसाचा हात सुटतो, हे माझं मत. भाजी-दूध मी वेगळं आणतो. गेल्या महिन्यात कांदा चाळीसवर गेला, तेव्हा कांदाच बंद केला – काही अडलं नाही. अशी शिस्त ठेवली म्हणून तर मालगाडीच्या साध्या गार्डाचा दौंडात प्लॉट झाला. ड्युटीवरची माणसं विचारतात, कसं जमवता.

आता घरात तिघंच. मी, माझे वडील आबा आणि मुलगी पूनम. पूनम नववीत आहे, स्वयंपाक येतो तिला. चौथं माणूस नाही म्हणजे सहाशेत भागायला हवं. दोनशे वाचवून म्हाळसाच्या हातावर ठेवणार आणि एक शब्द बोलणार नाही.

२ नोव्हेंबर, सोमवार

फजिती झाली आज.

आनंदरावांच्या दुकानात माझी यादी दिली. काही चैनीची नव्हे. ज्वारी, गहू, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा, शेंगदाणे, साबण. त्यांनी सगळं बांधलं, आकडा केला – अकराशे ऐंशी. मला वाटलं दुसऱ्याचं सामान आपल्यात मिसळलं. तूरडाळ बत्तीस रुपये! शेंगदाण्याचं तेल पंचावन्न! मी म्हटलं, तेल अडतीस होतं की. आनंदराव चष्म्यावरून बघत म्हणाले, कवाचं सांगताय गार्डसाहेब.

मागं चार-पाच माणसं उभी. मी पिशवीतून एकेक पुडा काढून गल्ल्याशेजारी ठेवायला लागलो. आधी शेंगदाणे. मग एक किलो साखर. मग डाळीचा एक पुडा. तेव्हा आनंदराव हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. वहिनींची यादी मला पाठ हाय. ती बांधू का?”

बांधली. तांदळाऐवजी कणी. तेल दोन किलो, तेही पामचं. डाळ अडीच किलो. चहा म्हणजे नुसता चुरा. शेंगदाणे पाव किलो. साबुदाणा-भगर काहीच नाही. मी म्हटलं, अहो तिचे आठवड्याला तीन उपवास – सोमवार, गुरुवार, रविवार – साबुदाणा लागत असेल. ते म्हणाले, वहिनींनी कधी नेला न्हाई. मनात म्हटलं, बघा! उपवास करते तोही कडक. असली बाई मिळायला नशीब लागतं.

एकूण सातशे शहाण्णव. बसलं की आठशेत! मग ही कुरकुर कसली होती?

७ नोव्हेंबर, शनिवार

मनमाडहून पहाटे आलो. आमटी पाणचट. पूनमला बोललो. म्हणाली, डाळ पुरवायची ना आप्पा.

१५ नोव्हेंबर, रविवार

आज सुट्टी. डबे मोजले. महिना निम्मा झाला, म्हणजे चौघांच्या सामानातून तिघांनी खाल्लेलं बघता निम्म्याहून बरंच जास्त शिल्लक हवं. माझा हिशोब साधा आहे. पण ज्वारी निम्मी, डाळ निम्मी, तेल निम्म्याच्या खाली!

पूनमला समोर उभं केलं. विचारलं, कुणाला देतेस? शेजारी जातं का? मैत्रिणी येतात का? सांडतेस का? ती ओटा पुसायला लागली. मी आवाज चढवला. तेव्हा म्हणाली, “आई असती तरी एवढंच लागतं आप्पा.”

हे कसं होईल? तिघांना एवढं आणि चौघांनाही एवढंच? मी म्हटलं, मग आई काय खाते?

ती आत निघून गेली. आबा दारात बिडी ओढत बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, म्हटलं, ही पोरगी काय बोलते बघा. आबांनी बिडी विझवली. म्हणाले, “मला काय इचारतो? नवरा तू हाईस.”

बाहेर जाऊन आलो. यार्डाच्या कडेनं लांबपर्यंत चाललो. म्हाळसाला जेवताना शेवटचं कधी बघितलं, ते आठवत होतो. ती वाढते. माझं झालं की मी उठतो. आबांचं होतं, पूनमचं होतं. मग ती ताटं उचलते. त्याच्या पुढचं काही माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. एकच दिवस आठवला – मे महिन्यात कोरेगाव भीमाला लग्न होतं. पंगतीत बसली होती समोरच्या रांगेत. तिसऱ्यांदा भात घेतला तिनं. मी उठून तिच्या मागं गेलो आणि कानात म्हणालो, लोक बघतात, बास कर.

तिनं ताटातला भात तसाच ठेवून हात धुतला होता.

१८ नोव्हेंबर, बुधवार

कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याचा पोरगा काल सकाळी निरोप घेऊन आला. शिरूरहून मल्हारीचा फोन. मल्हारी म्हणजे म्हाळसाचा धाकटा भाऊ. कारेगावला कंपन्यांतल्या पोरांसाठी खाणावळ चालवतो. म्हाळसा दवाखान्यात आईजवळ बसली होती, उठायला गेली आणि खाली पडली. आईला सोडून तिलाच ॲडमिट केलंय.

ड्युटी बदलून मिळवली. दोन वाजता शिरूरला. बाटली लावलेली. चादरीवर हात होता तिचा. नखं कागदासारखी पांढरी. रोज चहाचा कप देते तो हात – मी कधी बघितला नव्हता.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. म्हणाल्या, रक्त बारा तरी पाहिजे, यांचं पाच आहे, या चालत कशा होत्या? काही रक्तस्राव? नाही. जंत? नाही. मग विचारलं, जेवण काय असतं यांचं? माझ्याकडं बघून विचारलं. मला सांगता येईना. मी म्हटलं, उपवास फार करते. जरा अभिमानानंच म्हणालो असेन. सवयच आहे.

बाईंनी तिला विचारलं, किती दिवस करताय? कुठल्या देवाचे?

म्हाळसा छताकडं बघत होती. सावकाश बोलली. तिचे शब्द आहेत तसे लिहून ठेवतो.

“देवाचं काय न्हाई त्यात. पहिलं वरीस आठशेत निभलं. मग तेल वाढलं तवा सोमवार धरला. डाळ वाढली तवा गुरुवार. बाकीच्या दिवशी उरलं तर खायचं. चौघांचं बसत न्हाई त्यात, तिघांचं बसतं. नुसतं जेवत न्हाई म्हटलं असतं तर घरात इचारलं असतं. उपास म्हटलं की कुणी इचारत न्हाई.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मल्हारी उठून व्हरांड्यात गेला. मी तिथंच उभा राहिलो. मला बसावंसं वाटलं पण खुर्ची तिच्या कॉटच्या जवळ होती.

नंतर मी तिला म्हटलं, मागायचे होतेस की. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. म्हणाली, “मागितले व्हते. तीनदा.”

रक्त मल्हारीनं दिलं, त्याच्या खाणावळीतल्या दोन पोरांनी दिलं. माझं जुळलं नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

तीनदा मागितले हे मला आठवत नव्हतं. ट्रंकेतून जुन्या रोजनिश्या काढल्या. वाटलं, ती आजारपणात काहीही बोलते, माझ्याकडं लेखी आहे.

आहे लेखी. माझ्याच अक्षरात.

१२ जून ९६ – “म्हाळसा म्हणते किराण्याचे शंभर वाढवा. नाही म्हटलं. शिस्त हवी.”

३ फेब्रुवारी ९७ – “पुन्हा तेच. म्हटलं, इतर बायका भागवतात ते कसं? गप्प बसली. बरं झालं.”

आणि गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. हे तर वाचवत नाही, तरी इथं उतरवतो. “वेतन आयोगाच्या फरकाचे एकवीस हजार मिळाले. प्लॉटाचा शेवटचा हप्ता भरला. घरी सांगितलं नाही, सांगितलं की मागण्या सुरू होतात. पगार किती वाढला तेही सांगणार नाही. म्हाळसानं आज किराण्याचं विचारलं, टाळलं. आजपासून तिनं रविवारचाही उपवास धरलाय. भक्ती वाढत चालली आहे. घराला चांगलं.”

एकाच पानावर! खाली शाईची रेघसुद्धा मारली आहे, दिवस चांगला गेला की मी मारतो तशी.

हा माणूस कोण आहे?

२० नोव्हेंबर

ड्युटी. काही सुचत नाही. कुर्डुवाडीला झेंडी दाखवायला उशीर झाला, ड्रायव्हर ओरडला.

२ डिसेंबर, बुधवार

पगार झाला. सरळ आनंदरावांकडं. म्हटलं, चौघांचं बांधा, कशात हात आखडू नका. शेंगदाण्याचं तेल पाच किलो, आंबेमोहोर, डाळी चार प्रकारच्या, गूळ, खजूर, शेंगदाणे दोन किलो. डॉक्टरीणबाईंनी खजूर आणि गूळ सांगितला आहे. अठराशे चाळीस झाले. दिले. आनंदराव पैसे मोजता मोजता थांबले. म्हणाले, “गार्डसाहेब, वहिनींनी एकदा मला इचारलं व्हतं – दुकानात निवडाय-टिपायचं काम हाय का. मी म्हटलं, तुमच्या घरी आवडायचं न्हाई.” मग पुढचं मोजायला लागले.

घरी डबे भरले. मीच भरले. पूनम मदतीला आली नाही, अभ्यास करते म्हणाली. आबा बघत होते. म्हटलं, आता बघा आबा, कसं होतं ते. आबा म्हणाले, व्हय.

६ डिसेंबर, रविवार

शिरूरला जाऊन आलो. म्हाळसा आता भावाकडं कारेगावच्या घरी आहे. बसून होती, ओठांना थोडा रंग आलाय. दोन हजार तिच्यासमोर ठेवले. म्हटलं, दर महिन्याचे. वाढतील तसे वाढवू. माझं चुकलं, हेही म्हटलं. आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, पण म्हटलं.

तिनं पैसे उचलले नाहीत. मला म्हणाली, जेवून जा. खाणावळीतल्या पोरांची पंगत होती, त्यांच्यात बसलो. मल्हारीच्या बायकोनं वाढलं. म्हाळसा पलीकडं भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर ताट. भाकरी, मेथी, वाटीत दूध. सावकाश, मान खाली घालून जेवत होती. लग्नाला सतरा वर्षं झाली. मी घास हातात धरून बघत राहिलो.

निघताना विचारलं, पुढच्या रविवारी न्यायला येऊ? म्हणाली, बघू. म्हणजे येणार.

१३ डिसेंबर, रविवार

मी निघायच्या आधीच सकाळी मल्हारी आला. एकटा. म्हाळसा येणार नाही म्हणाला. खाणावळीचं बघणार आहे – पगार हजार, वर दोन्ही वेळचं जेवण. पूनमला न्यायला आलोय, म्हणाला. शाळेचा दाखला काढायचा अर्ज पूनमनं लिहूनच ठेवला होता, फक्त माझी सही राहिली होती. केली. पाणी आणायला आत गेलो, बाहेर येतो तर आबा पटका बांधून, काठी घेऊन मल्हारीशेजारी उभे. माझे आबा! मी म्हटलं, तुम्ही कुठं? म्हणाले, “तिच्या वाटणीचं तीन वर्सं खाल्लं म्या, ठावं असून. आता तिच्यासंगं बसून खातो.”