भाऊजींनाच विचारा

३ फेब्रुवारी

लिहा म्हणे! मनात येईल ते लिहा, कोणी वाचणार नाही. कोणी वाचणारच नसेल तर लिहायचं कशाला, हे विचारायचं राहिलं.

आजपासून दर मंगळवारी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर आमची शाळा. पेशंटांच्या घरच्यांसाठी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाणचट चहा, आणि समुपदेशक बाई. त्या इतकं मऊ बोलतात की दोनदा मला 'काय?' म्हणावं लागलं. मऊबाईच नाव ठेवलंय मी. विषय काय, तर अनिश्चितता! मी दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून मोटार चालवायला शिकवते. मला ह्या अनिश्चितता शिकवणार. ह्यांच्या शेजारी बसून कोणी भर चौकात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबलाय का कधी?

प्रत्येकाने आपापलं सांगायचं. एक बेकरीवाला होता, त्याची बायको आजारी. सांगता सांगता रडला. एवढा धिप्पाड माणूस! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग माझी पाळी. "दीर. स्किझोफ्रेनिया, बारा वर्षं झाली. नवरा बघायचा त्यांचं. नवरा गेला. आता मी बघते." बस्स. खोलीभर 'च्च च्च' झालं. एक बाई म्हणाली, "रक्ताचं नातं नसताना करताय, धन्य आहात!"

धन्य! भाऊजी त्या घरात माझ्या आधीपासून राहतात. मी त्यांना रस्त्यावरून उचलून आणलेलं नाही.

५ फेब्रुवारी

शिकाऊ पोरीने कठड्याला आरसा घासला. म्हणते, "मॅडम, कठडा मध्ये आला." आला असेल.

८ फेब्रुवारी

वन्संचा फोन. नवऱ्याच्या नि भाऊजींच्या थोरल्या बहिणीचा म्हणजे रविवारचा ठरलेला फोन. उंटावरून शेळ्या हाकण्यात बाईचा हात कोणी धरणार नाही. "त्याला बदाम देतेस का भिजवून? सकाळी लवकर उठवतेस का? त्या गोळ्यांनीच सुस्ती येते, हळूहळू कमी कर. आणि जरा कामाला लाव त्याला, रिकामं डोकं..."

मागच्या खेपेला ह्यांच्याच सांगण्यावरून नवऱ्याने गोळ्या कमी केल्या होत्या. भाऊजींनी स्वयंपाकघरातले सगळे दिवे काढून बादलीत बुडवले होते – त्यातून कोणीतरी बघतं म्हणून. तेव्हा वन्सं कुठे होत्या? लेकीच्या बक्षीस समारंभाला.

मी फोन पिशवीत ठेवला आणि कपडे वाळत घातले. परत उचलला तेव्हा बदामच चालू होते.

१० फेब्रुवारी

शाळा. आज सरळ विचारलं मी. "आता ते बरे आहेत. गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला इंजेक्शन घेतात, रोपवाटिकेत झाडांना पाणी घालायला जातात. पुन्हा बिघडणार का? हो की नाही?"

मऊबाई म्हणाल्या, "सांगता येत नाही."

ह्यासाठी ह्यांना पगार! मीही उद्यापासून हेच करते. मॅडम, पुढे वळण आहे का? सांगता येत नाही!

मग म्हणाल्या, ते ठीक असतात तेव्हाच त्यांच्याशी बोला. बिघडायला लागतं तेव्हा आधी काय होतं, तेव्हा घरच्यांनी काय करावं, काय करू नये. "तुम्ही अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्यांनाच विचारा ना."

काय अक्कल! ज्याचं डोकं फिरतं त्यालाच विचारायचं, बाबा रे, तुझं डोकं कधी फिरतं? बेकरीवाला मात्र मान डोलावत होता. पालथा घडा बरा, तो निदान मान तरी डोलावत नाही.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी घरी आले तर भाऊजी स्वयंपाकघरात एकटेच हसत होते. चप्पल हातात घेतली. दाराआड उभी राहिले. पुन्हा हसले. काहीतरी बोललेही. मी मनातल्या मनात डॉक्टरांना काय सांगायचं, वन्संना सांगायचं की नाही, उद्याच्या शिकवण्या कोणाला द्यायच्या, सगळं ठरवून मोकळी झाले.

रेडिओ होता. विनोदी श्रुतिका. कानाला लावून ऐकत होते, शेजारणीला त्रास नको म्हणून.

"वहिनी, चप्पल हातात का?" म्हणाले.

"तळ सुटलाय," म्हटलं.

काय बघितलं त्यांनी माझ्याकडे! चपलेकडे नाही बघितलं.

१३ फेब्रुवारी

झोप नाही. दिवसभर शिकाऊंवर खेकसले. एकाने विचारलं, "मॅडम, मी पास होईन का?" माझ्या ओठांवर काय आलं होतं ते लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी

विचारलं. मऊबाईंवर विश्वास बसला म्हणून नव्हे – त्यांना तोंडावर सांगता यावं म्हणून, की बघा, विचारलं, काही उपयोग नाही.

दुपारी भाजलेल्या शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं बिनसायला लागतं ना, ते आधी कशावरून कळतं?"

चार-पाच शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "तुमच्यावरून."

"माझ्यावरून?"

"तुम्ही भांडी आवाज न करता ठेवायला लागता. चालता हळू. दाराशी थांबून मग आत येता. दादा असाच करायचा. मला वाटतं, माझ्याबद्दल काहीतरी ठरलंय आणि मला सांगत नाहीयेत. मग डोक्यातले ते लोक म्हणतात, बघ, आम्ही सांगत होतो."

मी म्हटलं, "मला भीती वाटते हो."

"मग तसं म्हणा ना. भीती वाटते म्हणालात तर कळतं. चप्पल हातात घेतलीत तर मला काय कळणार?"

वर म्हणाले, "आवाज वाढले की मला कोणी समजावू नये. प्रश्न विचारू नयेत. शेजारी आपलं काम करत राहावं, आवाज करत. दोन दिवसांत नाही उतरलं तर डॉक्टर. मी नको म्हटलं तरी न्या. आत्ता सांगून ठेवतो."

बारा वर्षं. नवऱ्याने, मी, वन्संनी, तीन डॉक्टरांनी त्यांच्याबद्दल तोंड दुखेपर्यंत चर्चा केली. एकाही शहाण्याने हे विचारलं नव्हतं.

शेंगा जळक्या निघाल्या. कडू.

१७ फेब्रुवारी

शाळेत गेले. मऊबाईंना काही सांगितलं नाही. इतक्यात त्यांना जिंकू द्यायचं नाही मला. बेकरीवाल्याने सगळ्यांसाठी पाव आणले होते. चांगले होते, मेले.

२२ फेब्रुवारी

वन्सं स्वतः अवतरल्या! हातात कुठल्याशा आश्रमाचं गुळगुळीत पत्रक. "फार छान जागा आहे गं. बाग आहे. त्याच्यासारखीच माणसं असतात." भाऊजी समोर बसलेले. त्यांच्या देखत! जणू जुनं कपाट कुठे हलवायचं ते ठरतंय.

मी म्हटलं, "वन्सं, ते इथेच बसलेत. त्यांच्याशी बोला."

"त्याला काय कळतंय!"

भाऊजी म्हणाले, "ताई, बागेत मी रोज जातो. पगार देतात."

वन्संचा तोल गेला. "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं. तू लग्न होऊन आलीस आणि दोन वर्षांत हे सुरू झालं." उचलली जीभ, लावली टाळ्याला! मग आपल्या लेकीचं पुराण – पहिला नंबर, शिष्यवृत्ती, आता वसतिगृह सोडून घरीच अभ्यास करते, खोलीतून बाहेरसुद्धा येत नाही इतकी एकाग्रता. "ह्याला म्हणतात डोकं!"

मी दार उघडून उभी राहिले. चहा अर्धा टाकून गेल्या. तो अर्धा कप बेसिनमध्ये ओतताना जे समाधान झालं, ते कुठल्या आश्रमात मिळणार नाही.

२ मार्च

सकाळी भाऊजी रोपवाटिकेत गेले नाहीत. अंगावर चादर घेऊन भिंतीकडे तोंड. म्हणाले, "आज मोठ्याने बोलतायत."

माझे पाय आपोआप हळू पडायला लागले. कळलं तशी थांबले. मोठ्याने म्हटलं, "भाऊजी, मला भीती वाटतेय."

"हं," म्हणाले.

मग शिकवण्या रद्द केल्या आणि घरातली झाडून सगळी भांडी काढून घासली. आदळआपट करत. शेजारीण भिंत ठोकत होती. ठोकू दे. ना मी विचारलं काय ऐकू येतं, ना समजावलं. मनात मात्र सारखं चालू होतं – हे बरोबर आहे का, की मी मूर्खासारखी पातेली घासतेय आणि माणूस हातचा जातोय? उत्तर कोणाकडेच नव्हतं. मऊबाईंकडेही नाही. निदान त्या तसं म्हणतात तरी.

३ मार्च

तसंच. जेवले थोडं. मी कपाटाचे खण उपसून आवरले. शाळा बुडवली. डॉक्टरांना फोन करून उद्याची वेळ घेतली आणि भाऊजींना तसं सांगितलं. हो म्हणून मान हलवली.

४ मार्च

जाऊन आलो. औषध थोडं वाढवलं. वाटेत म्हणाले, "कमी झालेत. पण आहेत."

आज इतकंच. उद्याचं माहीत नाही. हे वाक्य मी लिहिलंय ह्यावर माझा विश्वास बसत नाही. मऊबाईंच्या हाती हे पान लागता कामा नये.

८ मार्च

वन्संचा फोन. मी हातातलं काम ठेवलं नाही, म्हटलं चालू दे बदाम. बदाम निघालेच नाहीत. मग म्हणाल्या, "पोरीने खोलीच्या खिडकीला आतून कागद चिकटवलेत. म्हणते, समोरच्या गच्चीवरून सगळे तिचं बोलणं लिहून घेतात. चार दिवस जेवली नाही. कोणाला सांगू गं मी? तू येतेस?"

गेल्या चौदा वर्षांत ह्या बाईला सुनवायला किती वाक्यं तयार करून ठेवली होती! एक आठवलं नाही.

"येते," म्हटलं.

गाडी काढली तर भाऊजी अंगात सदरा अडकवत येऊन शेजारी बसले. चौकात आलो. मग म्हणाले, "वहिनी, ताईला फोन करून सांगा. ते कागद आज कोणी काढू नका."