काढून टाकतील म्हणून घरी बसलेला तुझा बाप

प्रिय माझ्या दुधावरच्या सायीस, आजीकडून एक जोरदार गालगुच्चा.

सगळ्यात आधी दारात उभा राहिला तो पोपट, आणि तोही तोंडावर बारा वाजलेले घेऊन. पोपट म्हणजे तुझ्या बापाच्या शेजारच्या टेबलावर काम करतो तो गं. ऐकलं की बोललं असा स्वभाव, म्हणून सगळा कारखाना त्याला पोपट म्हणतो. हातात संत्र्यांची पिशवी, चपला काढताना आवाजसुद्धा केला नाही, जणू आत कुणी शेवटच्या घटका मोजतंय. मी म्हटलं, अरे, पाय न वाजवता काय येतोस, चोरी करायची असेल तर आमच्याकडे काही नाही, पुढच्या घरी जा. तर डोळे पुसत म्हणाला, आजी, मागून साहेबपण येताहेत. आणि खरंच, जिन्यावरून मुकादमसाहेब धापा टाकत चढत होते, आणि त्यांच्यामागे पगारखात्यातली ती चष्मेवाली बाई. आणि ज्याला बघायला ही वरात निघाली होती तो तुझा बाप कुठे होता माहीत आहे? स्वयंपाकघरात स्टुलावर चढून, गाणं गुणगुणत, माळ्यावरचे डबे उतरवत होता!

आता तू म्हणशील, आजीनं नेहमीसारखी शेपटाकडून गोष्ट धरली. बरं, तोंडाकडून सांगते. तुझ्या बापाला नोकरी सोडायची होती. का सोडायची ते आत्ता विचारू नकोस, तिकडे मी मागाहून येते. सव्वीस वर्षं त्यानं त्या वजनकाट्यांच्या कारखान्यात काढली. नवा काटा बनून आला की त्यावर वजनं ठेवून बघायची, केसाएवढा फरक असला तरी परत पाठवायचा, बरोबर असला तर शिक्का मारायचा. पण खासगी कारखाना तो. सरकारी नोकरीसारखं महिन्याच्या महिन्याला घरबसल्या काही यायचं नाही. जाताना एकदाच काय ते हातात पडतं. ग्रॅच्युइटी का काय म्हणतात तिला, माझी जीभ वळत नाही, मी आपलं जातानाचे पैसे म्हणते. त्या पैशांवर त्याचा सगळा बेत उभा होता. ते मिळाले तर सगळं जमणार, गेले तर बसा हात चोळत.

आणि इथे पोपटानं चोच घातली. तो म्हणाला, आपण होऊन सोडलंस तर दमडी मिळत नाही, त्यांनी काढलं तरच मिळतं. त्याच्या मेव्हण्यानं आपण होऊन सोडली तर त्याला शून्य मिळालं होतं, आणि मेव्हण्याचा भाऊ कारखाना बंद पडला तेव्हा निघाला तर त्याला गठ्ठा मिळाला. झालं! पोपटानं दोन आणि दोन जोडले आणि बावीस केले. आणि तुझा बाप, जो बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून घेतो, त्यानं हे न तपासता गिळलं. कारखान्यात सगळेच असं मानतात म्हणे. साहेबाला विचारावं तर विचारल्यानंच त्याला संशय येईल, ही आणखी एक भीती. म्हणून त्यानं काय ठरवलं? स्वतःला काढून घ्यायचं!

अगं, काय हसले गं मी तेव्हा. ज्याला जन्मात वाकडं वागता आलं नाही तो वाईट वागायला निघाला. पहिल्या दिवशी उशिरा जायचं ठरवलं. घरातून वेळेवर निघाला आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे बसून राहिला. पण कारखान्याचा भोंगा वाजला तसा त्याला दरदरून घाम फुटला, अर्धा चहा टाकून धावत सुटला. पहारेकऱ्यानं तो घाम बघितला आणि खुर्ची दिली बसायला. मग एकदा टेबलावर डोकं ठेवून झोपायचं सोंग केलं. कारखान्यातल्या पोरांनी आवाज बंद केला आणि पंखा त्याच्याकडे वळवला, तर हा खरंच झोपला. मग भांडायचं ठरलं. दोन दिवस आरशासमोर डोळे मोठे करून तालीम केली, तुझी आई पदर तोंडात धरून बघत होती. जाऊन मुकादमांना म्हणाला, तुमची काम करायची पद्धत मला पटत नाही. ते म्हणाले, मलाही नाही पटत रे, पण काय करणार, बस, चहा घे. शेवटी एका खोट्या काट्यावर शिक्का मारून टाकला. पण डबा उघडला आणि घास काही उतरेना. कुणा भाजीवालीच्या हातात तो काटा पडेल, तिचं नाहीतर गिऱ्हाइकाचं नुकसान होईल. उठला, खोकी भरतात तिथे गेला, सगळी खोकी उपसली, आणि काटा परत आणून शिक्का खरवडून काढला. हे बघून सगळ्यांची खात्री पटली की माणसाच्या डोक्यात काहीतरी झालंय.

मग पोपटानं हुकमाचं पान काढलं. न सांगता घरी बस, म्हणाला, चौथ्या दिवशी काढल्याची चिठ्ठी घरपोच. तसा तुझा बाप घरी बसला. मला काही ते पटलं नव्हतं. मी म्हटलं, अरे, आजवर पुढच्या दारानं गेलास, आता मागच्या दारानं कशाला बाहेर पडतोस? पण माझं कोण ऐकतो. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पोपट सातवीपर्यंत! आणि तिसऱ्या दिवशी चिठ्ठीऐवजी ही तीन माणसं आली.

मुकादमांचा आवाज ऐकला आणि तुझ्या बापानं स्टुलावरून जी उडी मारली ती थेट अंथरुणात. पांघरूण गळ्यापर्यंत, पण एका हातात साखरेचा रिकामा डबा तसाच राहिला. मुकादम जवळ बसले, कपाळाला हात लावला. धुळीनं माखलेलं कपाळ ते, त्यांचा हात काळा झाला. त्या भल्या माणसानं तो गुपचूप रुमालाला पुसला. पोपट मात्र भिंतीकडे बघत उभा. उपदेश त्याचाच, पण एवढे दिवस बघून बघून त्यालाही वाटायला लागलं होतं की हा खरंच आजारी आहे! मग मुकादमांनी खिशातून एक पाकीट काढून उशाशी ठेवलं. म्हणाले, पोरांनी आपसांत गोळा केलंय, पहारेकऱ्यानंही घातलेत, चांगल्या डॉक्टरला दाखव, कामाची चिंता करू नकोस, तुझ्या टेबलाला कुणी हात लावणार नाही.

तेव्हा मी तुझ्या बापाकडे बघितलं. लहानपणी शेजारणीची काच फोडून आला होता तेव्हा जसा चेहरा झाला होता ना, अगदी तस्सा. पांघरूण बाजूला केलं, उठून बसला, पाकीट मुकादमांच्या हातात परत दिलं आणि म्हणाला, साहेब, मला काहीएक झालेलं नाही. मला काढून टाका. मुकादम म्हणाले, हेच ते, हेच डोक्याचं. तेव्हा मला राहवलं नाही. तोंड माझं, कुलूप कधी लागलंय त्याला? भोंग्यापासून खोट्या काट्यापर्यंत सगळं घडाघडा सांगून टाकलं, पोपटाच्या मेव्हण्यासकट. पोपट म्हणाला, आजी, माझं नाव कशाला? मी म्हटलं, तुझं नाव कुठे घेतलं, पोपट म्हणाले!

चष्मेवाली इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. पण पुसून परत घातला तेव्हा हसू गेलं होतं. म्हणाली, काका, आणखी दोन दिवस असेच बसला असता तर रडायची वेळ आली असती. न सांगता गैरहजर राहिलेला माणूस काम टाकून पळाला असं धरतात, आणि गैरवर्तनासाठी काढला की जातानाचे पैसे अडकतात, कधी कधी पार बुडतात. सव्वीस वर्षांवर दोन दिवसांत पाणी फिरलं असतं गं!

मग तिनं समजावून सांगितलं, आणि काय सांगितलं! तुझ्या आईचा गुंड्यांचा डबा शिवणाच्या मशिनीवर होता, तो मागून घेतला आणि जमिनीवर मांडी घालून एकेक मोठी गुंडी मांडत गेली. ही एक गुंडी म्हणजे एक वर्ष. आमच्याकडचा नियम असा, म्हणाली, की अमुक वर्षं भरली नसतील तर आपण होऊन सोडणाऱ्याला काही नाही. पोपटाच्या मेव्हण्याचं तेच झालं, तो पठ्ठ्या वर्षभरही टिकला नव्हता. पण वर्षं भरली की मग तुम्ही सोडा नाहीतर ते काढू देत, तो तुमचा हक्क, कुणाची मेहेरबानी नाही. दर गुंडीमागे ठरलेल्या दिवसांचा पगार. आणि तो धरायचा आत्ताच्या, शेवटच्या पगारावर, लागला तेव्हाच्या नाही! इथे तुझ्या बापाची मान वर आली. पण तेही मूळ पगारावर, जादा कामाचे आणि भत्त्यांचे त्यात धरत नाहीत. इथे परत खाली गेली. मी म्हटलं, अरे, मूळ पगार म्हणजे भिंत आणि भत्ते म्हणजे वरचा रंग, घर मोजताना भिंतच मोजतात ना? चष्मेवाली म्हणाली, आजी, उद्यापासून माझ्या खुर्चीवर तुम्हीच बसा. असली खूश झाले म्हणून सांगू!

मग तिनं मूठभर बारीक गुंड्या शेजारी ओतल्या. या तुमच्या न घेतलेल्या रजा, काका. यांचेही पैसे होतात. तुझ्या बापानं रजा घेतल्या कधी? तुझ्या लग्नात घेतल्या तेवढ्याच. मुकादमांनी तिथल्या तिथे सांगितलं की हे तीन दिवस त्या रजांतले धरतो, मात्र उद्या भोंग्याला हजर हो. आणि सोडायचं तर रीतसर लिहून द्यायचं, एक महिना आधी. तेवढा महिना काम करायचं, नाहीतर त्या महिन्याचा पगार कापतात. बस, एवढंच. एवढ्यासाठी माझा लेक आरशासमोर डोळे वटारत होता!

चहा झाला. संत्री आम्हीच सगळ्यांनी मिळून सोलून खाल्ली, आजारी माणसानं सगळ्यात जास्त. गुंड्यांवरून हिशेब निघाला तो तुझ्या बापानं धरला होता त्याहून थोडा कमी, पण त्याच्या बेताला पुरून उरेल एवढा. मुकादम निघता निघता म्हणाले, ते सगळं ठीक, पण एवढं चांगलं चाललेलं असताना सोडतोस कशाला? तुझा बाप माझ्याकडे बघायला लागला. मी जीभ दातांखाली धरली, जी मला फार कमी वेळा सापडते. तो नुसता हसला आणि म्हणाला, साहेब, वरचं बोलावणं आलंय. पोपट परत घाबरला.

आता ते बोलावणं कुठलं ते सांगते, आणि म्हणूनच हे पत्र. पंधरवड्यापूर्वी तू फोनवर तुझ्या आईशी रडलीस. बाळंतपणाची रजा संपतेय, जावईबापूंची रात्रपाळी, पोरीला कुणाच्या हवाली करायचं कळत नाही, म्हणून महिनाअखेर राजीनामा साहेबाच्या टेबलावर फेकते म्हणालीस. तर फेकू नकोस. चष्मेवालीला मी तुझं नाव न घेता हळूच विचारून ठेवलं. तुझी वर्षं भरायला अजून थोडी कसर आहे बाई, आत्ता सोडलंस तर पोपटाचा मेव्हणा तूच. तुझ्याकडचा नियम निराळा असेल, तर आधी तुमच्या पगारखात्यात विचार. आणि पोरीचं म्हणशील, तर तुझा बाप येतोय तिला सांभाळायला. तो, तुझी आई मशिनीसकट, आणि मी. तुझ्या गल्लीतच दोन खोल्या बघतोय तो, जातानाच्या पैशांतून अनामत भरणार, आणि उरलेल्यात आमची वर्षं निघतील. रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाळाला अंघोळ घालायला शिकून येतो, बाळापेक्षा जास्त भिजून. पैसे हातात पडेपर्यंत तुला सांगायचं नाही असं त्यानं बजावलंय, तू नको म्हणशील म्हणून. फोनवर सांगावं तर माझं हळू बोलणंही चौकापर्यंत ऐकू जातं, म्हणून लिहिलं. तू फक्त तुझ्या साहेबाकडे आणखी महिनाभराची रजा माग, बिनपगारी का होईना, आणि बापाचा फोन आला की काही माहीत नसल्यासारखं आश्चर्य दाखव. त्याचा राजीनामा लिहून तयार आहे. चष्मेवाली म्हणाली, सही करायच्या आधी प्रत्येक कागद मोठ्यानं वाचून दाखवीन, आजींनाही समजला पाहिजे. ती आणि मुकादम परत यायचं कबूल करून गेलेत, येत्या गुरुवारी, कारखाना सुटल्यावर.

गाठोडं बांधायला घेतलेली,
तुझीच आजी